कोकण किनाऱ्यावरचे दुसरे घर : भरतीरेषा, विहीर आणि ग्रामपंचायत

मालकाच्या नेहमीच्या राहत्या घरापासून दूर असलेले, सुट्टीत वापरले जाणारे आणि एरवी कुलूपबंद राहणारे किंवा पर्यटकांना भाड्याने दिले जाणारे घर म्हणजे दुसरे घर, बोलण्यातले ‘सेकंड होम’. कोकणाला असे घर नवे नाही. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारे चाकरमान्याचे घर हे त्याचेच जुने रूप. मात्र ते घर वाडीत, वाळूच्या पट्ट्यामागे, नारळ-पोफळीच्या आडोशाला असे; विहीर भावकीत सामाईक असे आणि सांडपाणी परसातल्या केळींना जाई. गेल्या काही दशकांत वाढलेले बंगले समुद्र दिसेल अशा जागी, गावठाणाबाहेर आणि स्वतंत्र बोअरवेलसह उभे राहतात.

या मागणीला वाहतुकीने जोर दिला. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली, चिपी विमानतळ २०२१ मध्ये, मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये आणि अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. दुसरीकडे २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटल्याची नोंद जनगणनेत आहे. त्यामुळे नव्या घराबाबतचा निर्णय पुष्कळदा अशा गावात होतो, जिथे आक्षेप घ्यायला किंवा देखरेख ठेवायला कर्ती माणसे थोडी उरली आहेत.

दुसरे घर वर्षातले मोजकेच दिवस वापरात असले, तरी ते दिवस दिवाळीचे, नाताळचे आणि एप्रिल-मे महिन्यांचे असतात. म्हणजे उन्हाळ्यात गावच्या विहिरींनी तळ गाठलेला असताना घर भरलेले असते. कुंपणाची भिंत, मातीचा भराव आणि रात्रीचे दिवे तर बाराही महिने आपला परिणाम करतात. यावर नियंत्रण ठेवणारे कायदे आहेत. पण महसूल, नगररचना, पर्यावरण, वन आणि ग्रामपंचायत यांतला प्रत्येक जण आपापला कागद तपासतो, संपूर्ण जागा कोणीच पाहत नाही. ही जोडणी खरेदीदाराला आणि गावालाच करावी लागते.

वाळूचा पट्टा

पुळण आणि तिच्यामागच्या वाळूच्या टेकड्या ही एकच व्यवस्था आहे. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पाऊस ओसरल्यावर शांत लाटा ती परत आणून टाकतात. मधल्या काळात किनारा तगतो तो टेकड्यांमधल्या साठ्यावर. हा साठा मर्यादवेल, केवडा आणि इतर किनारी झुडपे धरून ठेवतात. टेकडी सपाट करून तिच्या जागी सिमेंटची भिंत घातली, की उधाणाची लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंतीसमोरची पुळण अरुंद होते आणि भिंतीच्या टोकाशी शेजाऱ्याच्या जमिनीची धूप सुरू होते. मग तिथे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी येते. बंधारा होतो सरकारी पैशातून. होड्या ओढण्याची आणि रापण लावण्याची जागा जाते ती मात्र मच्छीमारांची.

वादळात या पट्ट्याची किंमत कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागातल्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला उत्पन्न यायला काही वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात वाडीचे गुंठे करून विकण्याचा मोह वाढतो. वाडी म्हणजे वारा अडवणारी भिंत आणि पाणी मुरवणारी जमीन. ती मोडून प्लॉट पाडले, की पुढच्या वादळात मागची वस्ती उघड्यावर पडते.

गोडे पाणी आणि खारे पाणी

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात टँकर लागतात. जांभा दगड सच्छिद्र, नद्या आखूड आणि उतार तीव्र असल्याने पडलेले पाणी लवकर समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतच्या वाळूत जे मुरते, ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी वजनाला किंचित हलके असल्याने ढोबळ मानाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. हेच गणित उलटेही चालते. उपशाने वरची पातळी थोडी उतरली, तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर सरकते. उथळ विहिरीवर रहाट किंवा लहान पंप चालतो तेव्हा हा समतोल सहसा बिघडत नाही. खोल बोअरवेल थेट खाऱ्या थराजवळून पाणी ओढते आणि मग केवळ त्या बंगल्याची नव्हे, तर आजूबाजूच्या विहिरीही मचूळ होतात. माड हे थोडे सहन करतो. पोफळ, जायफळ आणि केळ यांना ते सोसत नाही.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पोहण्याच्या तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे असा एक तलाव एकदा भरायला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात ८०० हून अधिक माणसांची एका दिवसाची गरज भागते. बाष्पीभवनाची भरपाई आणि गाळणी धुण्याचे पाणी याखेरीज.

सांडपाणी, दिवे आणि खारफुटी

बंगल्यातले सांडपाणी बहुधा सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जाते. वाळूत पाणी भराभर मुरते आणि पावसाळ्यात भूजल जमिनीच्या जवळ येते. त्यामुळे मैलापाणी गाळले जाण्याआधीच विहिरीच्या झऱ्यात मिसळू शकते. घर वर्षातला बहुतेक काळ बंद असल्यास टाकीतले जीवाणू क्षीण होतात आणि सुट्टीच्या आठवड्यात एकदम आलेला भार त्यांना पेलत नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर येत राहतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासच्या ग्रामस्थांसह या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि त्यातून गावात घरगुती निवासाचे पर्यटनही उभे राहिले. वाळूतून निघालेले पिल्लू अंधारात जी बाजू जास्त उजळ दिसेल तिकडे चालू लागते. नैसर्गिक स्थितीत ती समुद्राची बाजू असते. बंगल्याच्या गच्चीवर झोतदिवा लावला, तर पिल्लू उलट दिशेने जमिनीकडे सरकते आणि कुत्री, खेकडे किंवा सकाळचे ऊन यांना बळी पडते.

खाडीकाठच्या प्लॉटवर धोका वेगळा असतो. तिथे खारफुटी तोडून किंवा खाजणात भराव टाकून जमीन वर उचलली जाते. भरतीचे पाणी पसरायची जागा गेली, की ते शेजारच्या शेतात किंवा कोळीवाड्यात शिरते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि खारफुटीभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. जमीन खाजगी मालकीची असली तरी ही मनाई सुटत नाही.

सीआरझेडची रेषा

किनारा नियमन क्षेत्र, म्हणजेच सीआरझेड, ही पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खालील अधिसूचना आहे. पहिली १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. सगळी मोजणी उच्चतम भरतीरेषेपासून होते. ही रेषा डोळ्यांनी ठरवायची नसते. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने ती आखली आहे आणि ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशांवर दाखवलेली असते.

नियमांचा गाभा असा :

* सीआरझेड-१ : खारफुटी, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा असे संवेदनशील भाग आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा. येथे घर बांधता येत नाही.
* सीआरझेड-२ : किनाऱ्यालगतचा विकसित शहरी भाग.
* सीआरझेड-३ : ग्रामीण किनारा. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेली गावे ३-अ मध्ये येतात. तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर हे ना-विकास क्षेत्र. बाकीची गावे ३-ब मध्ये; तिथे ते २०० मीटर.
* सीआरझेड-४ : पाण्याखालचे क्षेत्र.

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्येची घनता २०११ मध्ये १६३, तर रायगडची ३६८ होती. हे जिल्ह्याचे सरासरी आकडे असल्याने एखादे दाट वस्तीचे गाव ३-अ मध्ये येऊ शकते; पण कोकणातल्या बहुतेक गावांना २०० मीटरची अट गृहीत धरूनच विचार करणे शहाणपणाचे. खाडी आणि भरतीचे पाणी येणाऱ्या नदीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते.

३-ब मध्ये २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात घरे बांधता येतात, पण पारंपरिक हक्क आणि वहिवाट यांच्या मर्यादेत आणि तळमजला अधिक एक मजला, ९ मीटर उंचीपर्यंत. बाहेरच्या खरेदीदारांसाठी आखलेली बंगल्यांची योजना या तरतुदीत बसते का, हे जाहिरातीवर विसंबून ठरवता येत नाही. भूजल उपशावरही बंधने आहेत. पहिल्या २०० मीटरमध्ये फक्त स्थानिकांना स्वतःच्या वापरापुरते पाणी काढता येते आणि पुढच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून, दुसरा स्रोत नसेल तरच. ‘सी-व्ह्यू, स्वतःची बोअरवेल आणि पूल’ अशी जाहिरात या पट्ट्यातल्या प्लॉटची असेल, तर तिथेच खरेदीदाराने सावध व्हावे.

कागदपत्रे : काय पाहावे

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘एनए झाले आहे’ या वाक्याने. बिनशेती परवानगी हा महसुली विषय आहे. ती मिळाली म्हणून सीआरझेडची मंजुरी मिळाली असे होत नाही. तसेच ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि वीजजोडणी यांनी बांधकाम कायदेशीर ठरत नाही. बिनशेतीचे नियम महाराष्ट्रात वेळोवेळी सैल झाले आहेत, म्हणून चालू स्थिती तहसील कार्यालयातून समजून घ्यावी. खरेदीपूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी :

१. सातबारा, आठ-अ आणि फेरफार. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस हिस्सेदार असणे नेहमीचे आहे. वाटप न झालेल्या सामायिक जमिनीत एकाच हिस्सेदाराकडून घेतलेल्या गुंठ्यांची जागा निश्चित नसते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, खाजगी वनाची नोंद किंवा वाटेचा हक्क आहे का ते वाचावे.

२. मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. पाखाडी, पाणंद किंवा वहाळ हद्दीतून जात असेल तर तो अडवता येत नाही.

३. शेतजमीन असल्यास पात्रता. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन थेट घेता येत नाही. कूळ व शेतजमीन कायदा, १९४८ चे कलम ६३ त्याला अटकाव करते. शेतघरासाठीही किमान ०.४ हेक्टर जमीन लागते. अनिवासी भारतीयांना परकीय चलन कायद्याखाली शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेण्याची सर्वसाधारण मुभा नाही; वारसाहक्काने आलेली जमीन मात्र ठेवता येते.

४. झोन दाखला आणि सीआरझेड नकाशा. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला घ्यावा आणि गट नंबर मंजूर किनारा आराखड्यावर बसवून पाहावा. शंका असल्यास केंद्र सरकारने मान्य केलेल्या संस्थेकडून भरतीरेषेसह जागेचा नकाशा तयार करून घ्यावा.

५. प्रकल्प असल्यास महारेरा नोंदणी. ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठहून जास्त घरे असल्यास ती आवश्यक आहे. प्लॉट पाडून विकणेही तिच्यात येते.

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी ‘एक-चौदा’चा उतारा, रूपांतरासाठी सनद आणि नगर नियोजन खात्याचा झोनिंग दाखला पाहावा. २०२३ च्या कायद्याने तेथील भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी आली आहे.

दोन पाडकामे

केरळमधील कोचीजवळच्या मरडू येथे खाडीकाठी चार गृहसंकुले उभी राहिली होती. त्यांत ३४३ सदनिका होत्या आणि बांधकामाला स्थानिक पंचायतीचे परवाने होते. परंतु किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चारही संकुले स्फोटकांनी पाडण्यात आली. सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश झाला; घर मात्र गेले. अलिबागजवळच्या किहीम किनाऱ्यावरचा हिरे व्यापारी नीरव मोदी याचा बंगलाही नियमभंगामुळे ८ मार्च २०१९ रोजी स्फोटकांनी पाडला गेला.

मरडूचा धडा ग्रामपंचायतींनाही लागू आहे. २०१९ च्या अधिसूचनेने स्वतःच्या राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घरांची मंजुरी स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवली आहे. अधिकार खाली आला, तशी नकाशा तपासण्याची जबाबदारीही खाली आली.

बांधताना आणि वापरताना

कायद्यात बसणारी जागा मिळाल्यानंतरही घराचा भार कमी करता येतो.

* जागा : टेकडी सपाट करू नये. घर प्लॉटच्या जमिनीकडच्या अंगाला घ्यावे आणि समुद्राकडचा भाग मर्यादवेल, केवडा, उंडी यांसाठी मोकळा सोडावा.
* कुंपण : सिमेंटच्या भिंतीऐवजी जांभ्याचा, चुना-सिमेंट न वापरलेला गडगा किंवा झाडांची वई करावी. गडग्याच्या फटींतून पावसाचे पाणी वाट काढते. भिंत तेच पाणी शेजाऱ्याच्या अंगणात तुंबवते.
* छत : १५० चौरस मीटरच्या उतरत्या छपरावर ३ मीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी ३,६०,००० लिटर पाणी हाती येते. ते सगळे साठवता येत नाही. २०,००० लिटरची टाकी भरून उरलेले पाणी गाळणीतून विहिरीजवळ मुरवावे.
* सांडपाणी : शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब असावा. पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या वाळूच्या जागी पाणी न झिरपणारी टाकी बांधून तिचे पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. गाळ उपसणारी गाडी तो कुठे रिकामा करते याची खात्री करावी. वहाळात रिकामी होणारी गाडी घेऊ नये.
* दिवे : समुद्राच्या बाजूला दिवे कमी उंचीवर, झाकलेले आणि पिवळट ठेवावेत. कासवांच्या हंगामात ते रात्री बंद असावेत.
* कचरा : ओला कचरा आवारातच जिरवावा. सुका कचरा पंचायतीच्या गाडीला द्यावा. गाडी नसलेल्या गावात तो मालकाने परत न्यावा.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे

दुसऱ्या घरांवर नियंत्रण ठेवण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज या किनारी गावाने २०१६ मध्ये मतदान घेऊन नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच राखली. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. कोकणातल्या ग्रामपंचायतींना असे अधिकार नाहीत. जे आहेत, ते मात्र पुरेसे वापरले जात नाहीत.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीचा किनारा आराखडा मागवून कार्यालयात गट नंबरसह लावावा. प्रत्येक बांधकाम अर्जासोबत सीआरझेड स्थितीचा नकाशा, पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची व्यवस्था मागावी. घरपट्टीच्या नोंदवहीत बंद, राहते आणि भाड्याने दिलेले अशी वेगळी नोंद ठेवावी. सुट्टीतला पाण्याचा आणि कचऱ्याचा भार मोजायला तीच उपयोगी पडते. एप्रिल-मे महिन्यांत निवडक विहिरींच्या पाण्याची पातळी आणि खारेपणा मोजून ग्रामसभेत मांडावा. पंचायतीच्या नळाला मीटर बसवून जादा वापराला चढा दर लावता येतो. बंगल्यांऐवजी गावातल्या घरांतच पर्यटक ठेवण्याची वाटही कायद्याने खुली आहे. किनाऱ्यावरच्या रहिवाशांना आपल्या जुन्या घराचा पाया आणि दर्शनी भाग न बदलता घरगुती निवास चालवता येतो. पैसा गावात राहतो आणि वाळूवर नवे बांधकाम येत नाही.

तक्रार कोठे करावी

सीआरझेडचा भंग दिसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा किनारा समितीकडे आणि महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. जिल्हा समितीत मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असतात. त्यांच्यामार्फत प्रश्न लवकर पोहोचतो. खारफुटीसाठी वनविभागाचा कांदळवन कक्ष आहे. तक्रारीत गट नंबर, तारखेसह छायाचित्रे, जागेचे अक्षांश-रेखांश आणि जुन्या-नव्या उपग्रह चित्रांची तुलना जोडावी. काम चालू असतानाच तक्रार केली तर ते थांबवणे सोपे जाते.

तेवढ्याने दाद न मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येते. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, तर नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. जनविश्वास कायदा, २०२३ नंतर पर्यावरण कायद्याच्या भंगासाठी तुरुंगवासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मोठ्या बंगल्याच्या किमतीपुढे ही रक्कम लहान आहे. बांधकाम हटवून जागा पूर्वस्थितीत आणण्याचा आदेश हाच खरा धाक असल्याने अर्जात ती मागणी स्पष्ट शब्दांत करावी.